जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला लेन्स निवडताना: इंदूरच्या नवशिक्यांसाठी

रेंजफाइंडर कॅमेरा डोळ्याला लावल्यावर दिसते ते लेन्समधून आलेले चित्र नसते. वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून आपण थेट समोर बघत असतो आणि खाली लेन्स तिचे काम वेगळेच करत असते. मोबाइल किंवा एसएलआर (आतल्या आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) वापरलेल्याला हा फरक सुरुवातीला किरकोळ वाटतो, पण लेन्स निवडताना सगळे इथूनच ठरते. खिडकीत जेवढे दिसते, तेवढा कोन टिपणारी लेन्स त्या कॅमेऱ्याला सोयीची. फोकस जुळवणारी यंत्रणा, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून अंतर मोजणारा रेंजफाइंडर, जेवढी अचूक, तेवढाच लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठे उघडे ठेवण्यात अर्थ. म्हणून कोणती लेन्स नावाजलेली आहे हे विचारण्याआधी हातातला कॅमेरा नीट ओळखा. इंदुरात नव्याने फिल्मकडे वळलेले जे मला भेटतात, ते बहुतेक उलट्या टोकाने सुरू करतात: आधी लेन्सचे नाव पक्के, मग ती कॅमेऱ्यावर बसते का याची शोधाशोध.

लेन्स निघते का, ते आधी पाहा

काकांच्या कपाटातून किंवा माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेला कॅमेरा अनेकदा याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट असतो. या दोन्हींची लेन्स कायमची बसवलेली असते, ती बदलता येत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. इलेक्ट्रोवर ४५ मिमी एफ १.७ आणि कॅनोनेट क्यूएल १७ च्या नंतरच्या आवृत्तीवर ४० मिमी एफ १.७ आहे (मिमीचा आकडा जितका मोठा तितका टिपला जाणारा कोन लहान, आणि एफचा आकडा जितका छोटा तितका आत येणारा प्रकाश जास्त). दोन्ही लेन्स उत्तम आहेत आणि रात्रीच्या सराफ्यात सहज चालतात. इलेक्ट्रोची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, पण ६ व्होल्टची बॅटरी अडॅप्टर लावून बसवता येते. बॅटरीशिवाय मात्र त्याचे शटर १/५०० सेकंद या एकाच वेगावर चालते. असा कॅमेरा घरात असेल तर लेन्सवरचा खर्च वाचवा आणि ते पैसे रोलवर घाला. पुढचे सगळे, ज्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवून निघते त्यांच्यासाठी आहे.

माउंट ओळखणे

माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते ती जागा. जुन्या रेंजफाइंडरांत सर्वांत जास्त आढळतो तो लायकाचा आट्यांचा माउंट. त्याचा व्यास ३९ मिलिमीटर आणि एका इंचात २६ आटे. लायकाने १९३१ मध्ये हे माप पक्के केले, पुढच्याच वर्षी लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर कॅमेऱ्यातच बसवला, आणि नंतर जगभर तेच माप उचलले गेले. सोव्हिएत फेड आणि झोर्की, जपानी कॅनन पी आणि कॅनन ७, लायका ३सी, ३एफ, ३जी हे सगळे याच मापाचे. त्यामुळे खारकीव्हमध्ये बनलेल्या फेडवर टोकियोची कॅननची लेन्स बसते. नवशिक्यासाठी हा माउंट सर्वांत सोयीचा, कारण लेन्सची निवड मोठी आणि किमतीही सर्व थरांतल्या.

१९५४ मध्ये लायका एम३ आला आणि त्याच्यासोबत एम माउंट. यात आटे नाहीत, लेन्स थोडी वळवली की खटकन बसते. इथे एक सोय मुद्दाम ठेवलेली आहे. आट्यांच्या माउंटवर लेन्स फिल्मपासून २८.८ मिलिमीटरवर असते आणि एम माउंटवर २७.८ मिलिमीटरवर. मधला एक मिलिमीटर भरून काढणारी पातळ कडी लावली की आट्यांची कोणतीही लेन्स एम कॅमेऱ्यावर बरोबर फोकस करते. उलटे होत नाही, एम लेन्स आट्यांच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. म्हणून पुढे कधीतरी लायका एम घ्यायचा विचार असेल तरी आज आट्यांची लेन्स घ्यायला हरकत नाही, ती बरोबर येईल. कडी घेताना ती ५०, ३५ की ९० मिमीसाठी आहे ते विचारा, कारण फोटोत किती मावेल ते दाखवणारी कोणती चौकट खिडकीत उमटायची ते ती कडीच ठरवते.

कीव्हचा माउंट वेगळा. तो जर्मन कॉन्टॅक्सचा आहे, आणि कीव्ह कॅमेरा मुळात युद्धानंतर जर्मनीतून सोव्हिएत संघात नेलेल्या कॉन्टॅक्सच्या यंत्रसामग्रीवरच उभा राहिला. जुपिटर नावाच्या लेन्स दोन्ही माउंटांत मिळतात, तेव्हा नुसते ‘जुपिटर-८’ एवढे बघून पैसे देऊ नका.

आता सर्वांत जास्त लोक जिथे फसतात ती जागा. ३९ मिमीचे आटे म्हणजे रेंजफाइंडरचीच लेन्स, असे नाही. जुन्या झेनिट एसएलआरच्या लेन्सनाही तेच आटे होते आणि डार्करूममधल्या एनलार्जरच्या अनेक लेन्सनाही. झेनिटसाठीची हेलिओस-४४ किंवा चपटी इंडस्टार-५० तुमच्या झोर्कीवर नीट वळून बसेल, आणि एकही फोटो धड येणार नाही, कारण ती फिल्मपासून ४५ मिलिमीटरवर बसण्यासाठी बनवलेली आहे. रेंजफाइंडरसाठीची इंडस्टार-५० चालते, झेनिटसाठीची चालत नाही. नाव मात्र एकच. ओळखायची खूण अशी: लेन्स उलटी धरा आणि फोकसची कडी फिरवा. रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये मागच्या बाजूला धातूचा एक गुळगुळीत काठ आत-बाहेर सरकताना दिसतो. कॅमेऱ्यातली छोटी दांडी त्या काठाला टेकते आणि त्यावरून खिडकीतली दुसरी प्रतिमा हलते. असा काठ नसेल तर लेन्स परत करा. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या.

सुरुवातीच्या काळातल्या फेडबद्दल एक सावधगिरी. तेव्हा प्रत्येक लेन्स तिच्या-तिच्या कॅमेऱ्याशी जुळवून दिली जायची, त्यामुळे दुसऱ्या कॅमेऱ्यावर ती चुकू शकते. फेड-२ आणि त्यानंतरच्या कॅमेऱ्यांना ही अडचण नाही.

खिडकीत काय दिसते

इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ १८७० च्या दशकात इथेच छायाचित्रणाकडे वळले. त्यांच्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यात मागच्या दुधी काचेवर लेन्सचेच चित्र उलटे उमटायचे, त्यामुळे कोणतीही लेन्स लावली तरी चौकट चुकायचा प्रश्न नव्हता. आपल्या कॅमेऱ्यात लेन्स बदलली तरी खिडकी तीच राहते. ही गोष्ट मनात पक्की बसली की निम्मी निवड झाली.

झोर्की-४, फेड-२ आणि लायका ३एफ यांच्या खिडकीत फक्त ५० मिमीचे दृश्य दिसते. त्यावर ३५ मिमी लावली तर बाजूचे किती आत येते ते कळणार नाही. मग कॅमेऱ्याच्या माथ्यावर, फ्लॅशच्या खाचेत, वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागतो. सोव्हिएत बनावटीचा फिरता व्ह्यूफाइंडर मिळतो, त्याच्या चकतीवर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ मिमीची पाच छोटी भिंगे असतात. तो कामाचा आहे, पण मग फोकस एका खिडकीत आणि चौकट दुसऱ्या खिडकीत अशी कसरत होते. शिकताना ती नको.

कॅनन पीमध्ये ३५, ५० आणि १०० मिमीच्या चौकटी एकाच वेळी दिसतात. लायका एम२ मध्ये ३५, ५० आणि ९०, तर एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५. म्हणजे एम३ असलेल्याने साधी ३५ मिमी घेतली तर पुन्हा वरचा व्ह्यूफाइंडर आलाच. उलट त्याच एम३ वर ५० मिमी लावून बघणे हा फार मोठा आनंद आहे, कारण त्यात समोरचे जवळजवळ खऱ्या आकाराचे दिसते आणि दुसरा डोळाही उघडा ठेवता येतो.

चष्मा असणाऱ्यांनी हे स्वतः डोळा लावूनच तपासायचे. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून थोडा लांब राहतो आणि ३५ मिमीच्या चौकटीच्या कडा दिसेनाशा होतात. झोर्की-४ आणि तिच्या भावंडांच्या डोळ्याकडच्या बाजूला उघडा धातू असतो, तो चष्म्याच्या काचेवर चरे पाडतो. त्यावर पातळ रबरी कडी चिकटवून घ्या. झोर्की-४ मध्ये नजरेचा नंबर जुळवायची छोटी दांडीही आहे, त्यामुळे अनेकांना चष्मा काढूनही काम करता येते.

फोकसची यंत्रणा किती खरी

रेंजफाइंडर समोरच्या वस्तूकडे दोन खिडक्यांतून बघतो आणि दोन प्रतिमा एकावर एक आणून अंतर मोजतो. त्या दोन खिडक्यांमध्ये जितके अंतर जास्त, तितके मोजमाप अचूक. फेड-२ मध्ये हे अंतर ६७ मिलिमीटर आहे, झोर्की-४ मध्ये ३८, कीव्हमध्ये तब्बल ९०. झोर्की-४ ची खिडकी स्वच्छ आणि मोठी, म्हणून ती हाताळायला गोड वाटते. पण फोकसच्या अचूकतेत साधा दिसणारा फेड-२ तिच्या पुढे आहे.

५० मिमी लेन्स एफ २ वर उघडी ठेवून एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो. डोळा स्पष्ट, कान पुसट. दीड मीटरवर तोच पट्टा सुमारे दहा सेंटिमीटर होतो. एफ १.५ ची लेन्स घेतली की यातूनही वजाबाकी. म्हणून झोर्की-४ वर एफ १.५ च्या जुपिटर-३ मागे धावू नये, असे माझे ठाम मत आहे. एफ २ पेक्षा ती पावणेदोन पट प्रकाश देते हे खरे, पण तो प्रकाश अचूक फोकसशिवाय वाया जातो आणि किंमतही बरीच जास्त पडते.

लायका किंवा कॅनन कॅमेऱ्यावर सोव्हिएत लेन्स लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोव्हिएत ५० मिमी लेन्सची फोकसची मापे कॉन्टॅक्सच्या पद्धतीवर बेतलेली आहेत आणि लायकाच्या मापाशी त्यांचा किंचित फरक पडतो. लेन्स पूर्ण उघडी आणि माणूस जवळ असेल तर फोकस सरकतो. एफ ५.६ च्या पुढे किंवा तीन-चार मीटरच्या पलीकडे हा दोष दिसत नाही. ३५ मिमीच्या जुपिटर-१२ ला तो बहुधा जाणवतही नाही.

कॅमेऱ्याची तपासणी घरी करता येते. गच्चीवर जा, किलोमीटरभर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर बघा आणि लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत लांबच्या खुणेवर, न्या. दोन प्रतिमा तंतोतंत जुळल्या पाहिजेत, आडव्याही आणि उभ्याही. मग टेपने बरोबर एक मीटर मोजा. मोजायचे लेन्सच्या टोकापासून नाही, कॅमेऱ्यात फिल्म जिथे असते तिथपासून. खिडकीतून फोकस करा आणि लेन्सवरचा आकडा वाचा. फेड-२, झोर्की-४ आणि कीव्ह यांची पाठ निघते. ती काढून, फिल्म सरकते त्या रुळांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा आणि शटर बी वर (बटण दाबून धरले तोवर उघडे राहते त्या खुणेवर) उघडे ठेवा. पट्टीवर लेन्सचे खरे चित्र उमटेल. भिंगाने बघितले की खिडकी आणि लेन्स एकच सांगतात की नाही ते लगेच कळते. खालून रोल भरायच्या जुन्या लायकात ही सोय नाही, तिथे एक रोल खर्च करावाच लागतो. फरक आढळला तर कॅमेऱ्यात तो जुळवायचा स्क्रू असतो, पण माहितगार माणसाला जवळ बसवल्याशिवाय तो फिरवू नका.

कुठे काढणार आहात

आता शहराकडे येऊ. तीन मीटरवर उभे राहून कॅमेरा आडवा धरला तर ५० मिमीमध्ये साधारण २.२ मीटर रुंदी मावते आणि ३५ मिमीमध्ये ३.१ मीटर. खजुरी बाजारात किंवा राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत मागे सरकायला जागा नसते, तिथे हा एक मीटर फार मोठा असतो. राजवाड्याचे सातमजली प्रवेशद्वार समोरच्या बागेच्या टोकावरून ५० मध्ये छान बसते, पण पायऱ्यांजवळून नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या मात्र ५० वरच जास्त खुलतात, कारण कान नदीच्या पलीकडून बघायला मोकळी जागा आहे आणि दगडावरचे कोरीव काम जवळ येते.

३५ मिमीचा खरा फायदा वेगळाच आहे. एफ ८ ठेवा, अंतर तीन मीटरवर लावा. साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. ५० मिमीला हाच पट्टा २.३ ते ४.२ मीटरचा. सकाळी पोह्यांच्या गाड्यासमोर लोक येतात-जातात, झाऱ्यावरून जिलबी उतरते, कुणीतरी हसते. तिथे खिडकीत दोन प्रतिमा जुळवत बसलो तर क्षण निघून जातो. ३५ वर अंतर आधीच लावून ठेवले की फक्त बटण दाबायचे उरते. रस्त्यावरचे फोटो हाच तुमचा ध्यास असेल आणि खिडकीत ३५ ची चौकट असेल, तर पहिली लेन्स ३५ घ्या. बाकी सर्वांनी ५० घ्यावी. ती स्वस्त असते, सर्वांत जास्त मिळते, प्रत्येक जुन्या कॅमेऱ्याची खिडकी तिच्यासाठी बनलेली असते, आणि माणसांचे चेहरे तिच्यात सरळ, न ताणलेले येतात.

रात्रीचे गणित निराळे. सराफ्यात सोन्या-चांदीची दुकाने मिटली की खाण्याचे ठेले लागतात आणि प्रत्येकावर दिव्यांचा झगमगाट असतो. आयएसओ ४०० चा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते), एफ २ आणि १/६०: दिव्याखाली उभ्या माणसाच्या चेहऱ्याला एवढे साधारण पुरते. तोच फोटो एफ ३.५ च्या लेन्सने काढायचा तर शटर १/२० वर न्यावे लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसा उडत नाही, म्हणून हात स्थिर राहिला तर १/२० जमेलही, पण कढईतला गराडू हलवणारा हात त्या वेळात पुसट होतो. एफ ३.५ पेक्षा एफ २ तिप्पट प्रकाश आत घेते. रात्री फिरायचे असेल तर लेन्स निदान एफ २ ची हवी. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांना, एवढी ओढाताण नसते, कारण त्या स्वतःच दिव्यांनी उजळलेल्या असतात. गिरण्या बंद पडून इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या नावाच्या झांक्या रात्रभर रस्त्याने जातात. ३५ मिमी एफ २.८ लेन्स तिथे मजेत चालते.

उलट एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी उघड्या लेन्सचा उपयोग शून्य. आयएसओ ४०० वर भर उन्हात एफ १६ आणि १/५०० एवढे लागते. तिथे एफ २ वर काढायचे तर शटरला १/३२,००० च्या आसपास जावे लागेल, आणि आपले जुने कॅमेरे १/५०० किंवा १/१००० ला थांबतात. दिवसाच फोटो काढणार असाल तर एफ ३.५ ची छोटी, स्वस्त, खिशात मावणारी लेन्स घेतल्याने काहीही बिघडत नाही.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, जुनी लेन्स घेऊन गर्दीत उतरू नका. या लेन्सना कसलेही सील नसते. गुलाल फोकसच्या आट्यांत शिरला की कडी कायमची कुरकुरते. फोटो काढायचाच असेल तर ओळखीच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून, पुढे फिल्टर लावून.

नावे, आणि माझी पसंती

झोर्की किंवा फेड असेल तर जुपिटर-८ घ्या. ५० मिमी, एफ २. तिची रचना झाइसच्या सोनारवरून आली आहे. ती लुडविग बर्टेले यांनी १९३० च्या सुमारास आखली होती. उघडी ठेवली की चेहरे मऊ आणि गोलाईने येतात, एफ ५.६ वर चांगली धार येते. वजन कमी आणि किंमत आवाक्यातली. तिच्या बहुतेक प्रतींत फोकस करताना पुढचा भागही फिरतो, म्हणून आधी ॲपर्चर लावा आणि मग फोकस करा, नाहीतर जुळवलेला फोकस हलतो.

इंडस्टार-६१ एफ २.८ ची आहे, तिच्यात लँथॅनम असलेली काच वापरली आहे आणि धार जुपिटर-८ पेक्षा जास्त आहे. दिवसा इमारती आणि बाजार काढणाऱ्याने ती घ्यावी. ३५ मिमीमध्ये जुपिटर-१२, एफ २.८. चित्र अतिशय सुंदर, पण तिची मागची काच इतकी आत शिरते की शटरच्या पडद्यापासून थोड्याच अंतरावर राहते. काही कॅमेऱ्यांत ती आतल्या भागाला अडते, तेव्हा पहिल्यांदा बसवताना अगदी हलक्या हाताने फिरवा आणि अडकल्यासारखे वाटले तर थांबा. काढून ठेवताना मागची बाजू खाली टेकवू नका. या तिन्ही लेन्सना ४०.५ मिमीचेच फिल्टर लागतात, ही मोठी सोय. काळ्या-पांढऱ्या रोलसाठी एक पिवळा फिल्टर घेऊन ठेवा, मालव्याच्या आकाशातले ढग त्याने उठून दिसतात.

कॅनन किंवा लायका असेल तर कॅननची ५० मिमी एफ १.८ ही माझी पहिली निवड. फोकस अचूक, बांधणी भक्कम, आणि लायकाच्या समिक्रॉनपेक्षा कितीतरी स्वस्त. तिच्यात ॲपर्चरच्या मागच्या काचेवर धुरकटपणा येण्याची खोड आहे, ती नीट तपासा. लायकाची घडीची एल्मार ५० मिमी एफ ३.५ दिवसाच्या भटकंतीला फार छान, कॅमेरा कोटाच्या खिशात जातो. मात्र ती बाहेर ओढून, वळवून पक्की करायला विसरलात तर सगळा रोल पुसट येतो. आणि ‘एल्मार’ हे नाव कोरलेल्या बनावट लेन्सही बाजारात आहेत, सोव्हिएत लेन्सवर नवे नाव घालून बनवलेल्या. फार स्वस्त एल्मार दिसली तर संशय घ्या.

८५ आणि १३५ मिमी सध्या नकोत. चौकट छोटी होते, फोकस अवघड होतो आणि रेंजफाइंडरचा स्वभाव त्यात उरत नाही.

हातात आल्यावर

लेन्सची अवस्था तिच्या नावापेक्षा मोठी. स्वच्छ इंडस्टार ही बुरशी लागलेल्या समिक्रॉनपेक्षा चांगले फोटो देते, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

ॲपर्चर पूर्ण उघडा, फोकस अनंतावर न्या आणि मोबाइलचा टॉर्च मागून थोडा तिरका पाडा. आतले धुळीचे चार कण दुर्लक्ष करण्याजोगे आहेत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर साफ होते, मध्यापर्यंत आली असेल तर काचेवरचा थर खाल्लेला असतो. सगळ्या काचेवर सारखी पसरलेली पांढुरकी झाक म्हणजे धुरकटपणा. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, टॉर्चनेच दिसतो, आणि सराफ्यातल्या प्रत्येक दिव्याभोवती पांढरे वलय आणतो. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत. अशी लेन्स घेऊ नका. पुढच्या काचेवर एखादा चरा असेल तर चालेल, मागच्या काचेवर नको.

ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसले तर घाबरू नका. एसएलआरमध्ये पाती झटक्यात मिटावी लागतात, इथे आपण ती हाताने फिरवतो, त्यामुळे थोड्या तेलाने काम अडत नाही. फोकसची कडी फार घट्ट असेल तर जुने ग्रीस सुकलेले आहे. ते बदलून मिळते, पण तो खर्च किमतीत धरा. परदेशातून मागवाल तर कस्टम ड्यूटीही.

इंदुरात घ्यायची असेल तर जुन्या स्टुडिओवाल्यांकडे चौकशी करा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या घरांतून कधीकधी फार जपलेल्या वस्तू मिळतात, आणि मुख्य म्हणजे टॉर्च लावून समोर बघता येतात.

पहिला रोल

पहिला रोल तपासणीसाठीच ठेवा. टेबलावर वर्तमानपत्र तिरके पसरा, मधल्या एका ओळीवर खूण करा आणि एक मीटरवरून त्या खुणेवर फोकस करून एफ २, २.८, ४ आणि ५.६ असे काढा. मग गच्चीवरून लांबचे दृश्य एफ २ आणि एफ ८ वर. संध्याकाळी समोर दिवे येतील असे दोन-तीन. प्रत्येक फोटोचा आकडा, ॲपर्चर आणि शटर वहीत लिहा, कारण या कॅमेऱ्यांत कुठलीच नोंद राहत नाही. झोर्की आणि फेडवर शटरचा वेग बदलायचा तो रोल पुढे सरकवून शटर ताणल्यानंतरच, आधी बदलला तर यंत्रणा बिघडते. धुऊन आलेल्या निगेटिव्हवर खुणेची ओळ स्पष्ट आहे की तिच्या पुढची-मागची, ते भिंगाने बघा. सगळीकडे एकाच दिशेने चूक असेल तर दोष जुळवणीचा आहे, लेन्स फेकू नका.

ऊन आणि पाऊस

झोर्की, फेड आणि जुन्या लायकांचे शटर कापडी आहे आणि मध्ये आरसा नाही. लेन्स अनंतावर आणि उघडी असताना कॅमेरा गळ्यात सूर्याकडे तोंड करून राहिला, तर पडद्याला जळून बारीक भोक पडते आणि पुढच्या प्रत्येक फोटोवर पांढरा ठिपका येतो. उन्हात चालताना टोपण लावा. ते नको असेल तर ॲपर्चर एफ १६ वर आणि अंतर एक मीटरवर आणून ठेवा. कीव्ह, कॅनन पी आणि कॅनन ७ यांचे पडदे धातूचे आहेत, त्यांना ही भीती कमी.

इंदूर पठारावर आहे, मुंबई-कोकणाइतकी ओल इथे नाही. तरी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बुरशीला पुरेल एवढा दमटपणा असतो. कातडी केसमध्ये लेन्स ठेवू नका, कातडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर: काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परता, थंड करा आणि डब्यात परत घाला. ती कढई स्वयंपाकाची नको, वेगळी ठेवा. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून कॅमेऱ्यावर लावा, फोकस या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि टॉर्च मारून एकदा आत बघा.